होडीला ब्रेक नसतो

बंद पडलेली मोटरसायकल स्वस्तात विकत घेतलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो. तो गाडीवर बसून येत नाही, गाडी ढकलत येतो, घामाने निथळत असतो आणि तरीही हसत असतो. ज्याची चालती गाडी बंद पडते तो कधी हसत येत नाही. असा हसणारा दिसला की मी हातातला पाना खाली ठेवायचो आणि चहा सांगायचो, कारण आता त्याचं स्वप्न ऐकावं लागणार हे ठरलेलं असायचं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज. आता ते भाचा सांभाळतो. मी दुपारी जातो, खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्या चुका काढतो. त्याला ते आवडत नाही. मलाही माझ्या उस्तादाचं आवडायचं नाही, तेव्हा परंपरा नीट चालली आहे असं मी समजतो.

धंद्याबाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. बंद गाडी विकणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो. "काही नाही हो, फक्त कार्बोरेटर साफ करायचाय." इंजिन जाम असो, चेन गायब असो, सीटच्या जागी गोणपाट असो, सगळ्याला जबाबदार कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलात हवा मिसळून इंजिनला पाजणारी एक छोटी डबी. आमच्या धंद्यात तिच्याइतकी बदनामी कुणाची झाली नसेल. मी मात्र आधी किक हाताने दाबून बघायचो. खाली गेली तर इंजिन आतून मोकळं आहे, आशा आहे. नाही गेली तर पिस्टन आत चिकटलाय, म्हणजे पुढचं काही खरं नाही. मग चासी नंबर कागदांशी ताडून बघायचो. जुळला नाही तर गाडी ज्या रस्त्याने आली त्याच रस्त्याने परत. एवढं झाल्यावर मी प्रामाणिकपणे सांगायचो, "घेऊ नका." आणि गिऱ्हाईक तितक्याच प्रामाणिकपणे सांगायचं, "घेतली."

पार्ल्याच्या एका गृहस्थांनी तर कमाल केली. लग्न झाल्यावर बायकोला ज्या मॉडेलवरून फिरवलं होतं, तेच मॉडेल त्यांनी कुठल्याशा गोडाऊनमधून मेलेल्या अवस्थेत पैदा केलं. आवारात काम करायला सोसायटीने मनाई केली, म्हणून गाडी सुटी केली, एकेक भाग लिफ्टने वर नेला आणि हॉलमध्ये जोडायला घेतली. मी रविवारी मदतीला जायचो, वहिनी पोहे द्यायच्या. गाडी झकास झाली. सुरू झाली तेव्हा हॉलभर धूर झाला आणि वरच्या मजल्यावरचे लोक आग लागली म्हणून खाली धावले. त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की अख्खी गाडी लिफ्टमध्ये मावत नाही. परत सुटी करू या म्हटलं तर गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी. गाडी अजून हॉलमध्येच आहे. वहिनी तिच्या हँडलवर नॅपकिन वाळत घालतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "मला फिरवायला आणलीय ह्यांनी."

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती धाकू तांडेलाची गाडी.

खारदांड्याची चांगुणामावशी मरोळच्या बाजारात मासळी विकायला बसते. आमच्या घरी मासळी तिच्याकडचीच. आम्ही मालवणी माणसं, आमच्यात डॉक्टर बदलतात, मासळीवाली बदलत नाहीत. धाकू हा तिचा नवरा. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि धाकूने सगळी उमर सुकाणू धरून काढलेली. पुढे छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी त्याचा दर्या बंद केला. होडी मुलांकडे गेली. हा रोज किनाऱ्यावर जाऊन मुलांच्या इंजिनात हात घालायचा, मुलं चिडायची. शेवटी थोरला म्हणाला, "बाबा, तुमी आथा आराम करा." आराम हा शब्द तांडेलाला शिवीसारखा लागला.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तांडेल हातगाडीवर मोटरसायकल घालून, हातगाडीवाल्याबरोबर स्वतः ढकलत, खारदांड्याहून थेट मरोळला आला. छातीच्या दुखण्याचा माणूस! आणि अर्थातच, हसत.

"मिस्तरी, सस्त्यात गावली," तो म्हणाला. "निसता कार्बोरेटर साफ कराचा हाय."

ती गाडी दांड्याच्या, म्हणजे खारदांड्याच्या, किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालायच्या काठ्यांशेजारी, कित्येक वर्षं उभी होती. खाऱ्या हवेने तिचा मडगार्ड पापडासारखा केला होता. मी सायलेन्सर ठोकला तर आतून एक चिंबोरी बाहेर आली, तिने आमच्याकडे बघितलं आणि ती तिरकी तिरकी गटाराकडे निघून गेली. सायलेन्सरमध्ये उंदराचा संसार मी पाहिला होता, खेकड्याचा पहिल्यांदाच पाहत होतो. किक दाबली. हललीसुद्धा नाही. कागद तेवढे चोख होते.

"तांडेल, घेऊ नका."

"घेतली."

"अहो, हिच्यात काही राहिलेलं नाही. आणि तुमच्या छातीचं काय?"

त्याचं हसू गेलं. तो हातगाडीच्या कडेला टेकला.

"नारली पुनव येल मिस्तरी. त्या दिसाला दांड्यान सगले आपापल्या होऱ्या पुजतान. माजेकडं पुजाला काय हाय? औषधांच्या गोल्या? पुनवेला ही चालू झाली पायजे. काम मी करीन, तू निसता सांग."

मी हातगाडीवाल्याला खूण केली. गाडी आत घेतली.

दुसऱ्याच दिवशी बाजारात चांगुणामावशीने मला हाताने जवळ बोलावलं. मावशीचा आवाज असा की ती कुजबुजली तरी शेजारच्या तीन टोपल्यांना ऐकू जावं.

"आयक मिस्तरी. ती गारी तू चालू कराची नाय. डॉक्टरनी त्याचा दर्या बंद केलाय, तू त्याला रस्ता चालू करून देऊ नको. पडला बिडला तं मी काय करू?"

असं म्हणून तिने कागदात बांधून सोडे माझ्या पिशवीत टाकले. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, आणि आमच्या घरात सोन्यानंतर तिचा नंबर लागतो. पैसे द्यायला गेलो तर मावशीने डोळे वटारले. संध्याकाळी घरी सोड्यांची खिचडी झाली. त्याच्या पुढच्या दिवशी तांडेल पिशवीभर चिंबोऱ्या घेऊन गॅरेजात हजर. "काम जरा चटचट कर मिस्तरी."

तो अख्खा आषाढ आमच्या घरी असा गेला. एका बाजूने उशीर करायचे सोडे, दुसऱ्या बाजूने घाई करायच्या चिंबोऱ्या. खरं सांगायचं तर उशीर करायला मला काहीच करावं लागत नव्हतं, गाडीच तेवढी मेलेली होती. आणि घाई तांडेल स्वतःच करत होता. मी मधल्यामध्ये दोघांनाही "बघतो" म्हणत होतो आणि जेवत होतो. मग श्रावण लागला. आमची ही श्रावण कडक पाळते, घरात मासळीचा वासही चालत नाही. लाच घ्यायची सोयच संपली आणि मी नाइलाजाने निःपक्षपाती झालो.

तांडेलाचं काम मात्र बघण्यासारखं होतं. चिकटलेला पिस्टन सोडवायला आम्ही प्लगच्या भोकातून आत डिझेल ओततो आणि वाट बघतो. वाट बघणं हा ह्या कामाचा मोठा भाग आहे आणि गिऱ्हाइकाला तोच जमत नाही. तांडेलाला जमत होता. तो इंजिनाजवळ पाट टाकून बसायचा, त्याला कान लावायचा, हळू आवाजात काहीतरी सांगायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "दर्यान मशीन बंद परली तं शिव्या देऊन चालत नाय. तिला गोडीन सांगावा लागतं." एके दिवशी किक त्याच्या हाताखाली हळूच खाली गेली. तांडेलाने जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. मीही लावला, उगाच कशाला विषाची परीक्षा.

पुढे इंजिन बोअर करून, म्हणजे आतून घासून आणलं, पिस्टन नवा टाकला, वायरिंग बदललं. आणि तांडेलाने आपला डबा आणला. मुशीच्या तेलाचा. मुशी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल होड्यांना फासायची जुनी रीत, खारं पाणी त्याला हात लावत नाही. तांडेल ते तेल गाडीच्या जे दिसेल त्या लोखंडाला चोळू लागला. वासाबद्दल मी काही लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत. वसाहतीतली यच्चयावत मांजरं माझ्या दारात जमली. जी ऑफिसला जाणारी गिऱ्हाइकं स्कूटर ठेवून जायची, ती संध्याकाळी स्कूटरवर मांजर बसलेलं बघून माझ्याकडे बघायची.

पौर्णिमा आठवड्यावर आली असताना मला बहिणीकडे सत्यनारायणाला बोरिवलीला जावं लागलं. तांडेल म्हणाला, "जा तू, चाकं मी बसवतो." मी गेलो. परत आलो तर चाकं बसवलेली, सगळं चकाचक, आणि तांडेल किकवर पाय ठेवून माझीच वाट बघत उभा.

त्याने किक मारली. पहिली फुकट. दुसरीला गाडी खोकली. तिसरीला धडधडली. त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला, हे मी आजही कबूल करतो. इतक्या गाड्या सुरू केल्या, पण मेलेली गाडी उठते तेव्हा मिस्त्री माणूस आतून हलतोच. मी "थांबा, आधी मी फिरवून बघतो" म्हणेपर्यंत तांडेल बसून निघालासुद्धा.

वसाहतीचं मधलं आवार मोठं आहे, जरासं उतरतं. तांडेल ऐटीत गेला, गियर चढवत गेला. शेवटी वळला. माझ्याकडे येताना त्याच्या चेहऱ्यावरची ऐट गेलेली दिसली.

"ब्रेक मारा!" मी ओरडलो.

"लागत नाय!"

तो माझ्या शेजारून निघून गेला. पुन्हा वळला. मी ब्रेक ब्रेक ओरडत मागे धावतोय, तो आवारात गोल गोल फिरतोय. होडी थांबवायची तर तांडेल तिला अशीच वळणं देत किनाऱ्याला आणतात. तेवढ्यात तो ओरडला, "दोर टाक! दोर टाक रे!" समोरच्या कारखान्याचा वॉचमन बिचारा खरंच नायलॉनची दोरी घेऊन धावत आला. ती कुणाला आणि कशी टाकायची ते त्याला कळेना, मलाही कळेना.

आणि त्याच वेळी आवाराच्या फाटकात चांगुणामावशी उभी राहिली. बाजार आटोपून नवरा काय करतो बघायला आली होती. मला वाटलं, आता ही किंचाळणार आणि चक्कर येऊन पडणार. मावशीने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि बाजारातला आवाज काढला.

"गियर खाली टाक! यक यक करून टाक! क्लच हलू सोर!"

तांडेलाचा हात आणि पाय आपोआप हलले. गाडी गुरगुरली, दबली. "आजून यक!" मावशी ओरडली. गाडी आणखी दबली, माणूस चालतो त्या वेगाला आली आणि कारखान्याबाहेर रचलेल्या बारदानाच्या ढिगात अलगद घुसून बंद पडली. ब्रेक नसताना गियर उतरवत इंजिनाच्याच जोरावर गाडी आवरायची असते, हे मला ठाऊक होतं. फक्त घाबरल्यावर ते मला आठवलं नाही, आणि मावशीला आठवलं.

मी आधी चाक उघडलं. ब्रेकच्या लायनरमधून, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांमधून, मुशीचं तेल थेंब थेंब गळत होतं.

"तांडेल, ब्रेकला तेल लावलंत?"

"लोखंडाला लागूनच होता ना? तेल नाय लावला तं खारा पानी खातंय."

"अहो, पण मग तो लागणार कसा?"

"होरीला कुटं ब्रेक असतंय?" तांडेल म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. पण तांडेलाचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. तो बायकोकडे बघत होता.

"तुला गियर कसा कल्ला?"

मावशी बारदानावर बसली. तिने सांगितलं ते असं. तिचं माहेर मढचं. वडिलांची फटफटी होती, मागे टोपल्या बांधून मालाडच्या बाजारात मासळी न्यायचे. वडिलांचा पाय अधू झाला, भाऊ नव्हता, मग टोपल्या हीच न्यायची. लग्न झालं आणि फटफटी वडिलांनी विकून टाकली.

"लायसन दर येली नवा करून घेतलाय मी," ती म्हणाली. "कशाला, ता मनाच म्हाईत नाय."

"येवरी वर्सां झाली लग्नाला," तांडेल म्हणाला, "बोललीस नाय कदी?"

"तू इचारलंस कवा?"

मग मावशीला रडूच आलं. "तू वादलान गेलास तरी येवरी भ्याली नव्हती मी, जेवरी आज भ्याली." आणि तांडेल, तोंडाला तेल, केसांत बारदानाचे धागे, हसत होता. भीतीने नाही, खोटं नाही, पोट धरून हसत होता. दुखण्यानंतर तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. मावशीनेही पाहिला नसावा, कारण ती रडता रडता थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"ब्रेक बसव मिस्तरी," ती मला म्हणाली. "नवा बसव, तेल न लावता. पुनवेला चालवनार मी. ह्यो मागं बसल."

तांडेलाचं हसू तिथल्या तिथे संपलं. "तांडेल मागं बसत नाय."

"मंग चालत ये."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तांडेल रोज यायचा, गाडी पुसायचा, पण बोलायचा नाही. मी नवे लायनर बसवले, तो नुसता बघत उभा राहिला. मला त्याचं दुखणं कळत होतं. होडी मुलांनी घेतली, आता ही एवढीशी गाडी बायकोने घेतली. चालू झाली काय आणि न झाली काय, त्याच्या हातात पुन्हा काही नाहीच. मावशीशी बोलून बघितलं. ती म्हणाली, "त्याचे हातान दिली आन छातीन कल आली रस्त्यान, तं तू येशील मना सांगायला?" तिचंही खरं होतं. ह्या भांडणात चिंबोऱ्याही नव्हत्या आणि सोडेही नव्हते, आणि तरी मला कुणाची बाजू घ्यावी ते समजत नव्हतं.

नारळी पौर्णिमेला मी हिला घेऊन खारदांड्याला गेलो. होड्यांना निशाणं लावलेली, बँड वाजतोय, बायका लुगडी नेसून, दागिने घालून नाचतायत. गल्लीच्या टोकाशी देवळाजवळून गाडी आली. हँडलला झेंडूचा हार. पुढे चांगुणामावशी, कासोट्याचं लुगडं, अंगावर सोनं, नजर सरळ. मोटरसायकल चालवायला त्या लुगड्याहून सोयीचा पोशाख मी आजवर पाहिलेला नाही. मागे तांडेल, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. आला हेच खूप होतं, पण चेहरा इस्पितळात नेतात तसा.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मावशीचं कौतुक सुरू झालं, पोरी मोबाइलवर फोटो काढू लागल्या. आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तांडेल, आज पॅशिंजर काय?" सगळे हसले. त्याची मुलंही हसली. तांडेलाने नारळ खाली मांडीवर घेतला आणि मान वळवली. मला त्या क्षणी वाटलं, ती किक हलली नाही तेव्हाच ही गाडी परत पाठवायला हवी होती.

गाडी आणखी थोडी पुढे आली, ऐन गर्दीत खोकली, आणि बंद पडली.

मावशीने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. बँड थांबला. थोरला मुलगा पुढे झाला तर तिने त्याला हाताने मागे सारलं. मीही निघालो होतो, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच थांबलो.

टाकीच्या खाली पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक असतो. तो बंद केला तरी गाडी लगेच थांबत नाही. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ती थोडं अंतर जाते आणि मग मरते. देवळाजवळच्या वळणावर मावशीचा डावा हात टाकीखाली गेलेला मी पाहिला होता. लोक तिचे दागिने बघत होते. मी गाडी बघत होतो, मला दुसरं काही बघता येत नाही. तेव्हा वाटलं होतं की ती लुगडं सावरतेय.

तांडेल खाली उतरला. नारळ त्याने बायकोच्या हातात दिला. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि भर गल्लीत गाडीशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याने प्लगची टोपी काढून बघितली, पुसली, परत बसवली. कान लावला. मग नळीवरून बोट फिरवत फिरवत वर नेलं, ते टाकीखाली क्षणभर थांबलं, आणि त्याने तो कॉक फिरवला. मान हलवत उभा राहिला, जराही घाई न करता किकवर पाय ठेवला, आणि एका दणक्यात गाडी धडधडली. दांड्याने एवढा गलका केला की बँडवाल्यांना वाजवायचं सुचलं नाही. थोरला मुलगा त्याच्या पाया पडला.

तांडेलाचे हात काळे झाले होते. ते त्याने नव्या सदऱ्याला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बायकोला सांगितलं, "पेट्रोल आरकला व्हता. माजेशिवाय कोनला कल्ला नसता."

"नसताच कल्ला," चांगुणामावशी म्हणाली, आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून सीटवर थोडी पुढे सरकली.